बटर्लीचा लोखंडी कारखाना

मुंबईच्या बोरीबंदर स्थानकाची इमारत आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेली आहे. तिच्या घडणीवर लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकाची छाया पडली असल्याचे जाणकार सांगतात. त्या सेंट पँक्रसच्या फलाटांवर जे अवाढव्य कमानदार छप्पर आहे, त्याच्या लोखंडी फासळ्या ज्या कारखान्यात घडल्या, त्याची हकीकत आज सांगावयाची आहे. फासळ्या आजही उभ्या आहेत. कारखाना मात्र उरलेला नाही.

इंग्लंडच्या मध्यभागी डर्बीशायर परगण्यात बटर्ली नावाची टेकडी आहे. तिच्यापासून काही मैलांवर क्रॉमफर्ड येथे रिचर्ड आर्कराइट याने १७७१ साली पाण्यावर चालणारी सुताची गिरणी उभारली. पुढे १७८९ मध्ये पार्लमेंटने क्रॉमफर्ड कालव्यास संमती दिली. त्या काळच्या खडबडीत रस्त्यावर एक घोडा जेमतेम टनभर माल ओढी. तोच घोडा पाण्यावरील नाव ओढू लागला की वीस-पंचवीस टन सहज नेई. जड मालाच्या धंद्याला कालवा का हवा, हे यावरून ध्यानात येईल.

कालव्याच्या कामावरील तरुण अभियंता बेंजामिन औट्रम याने फ्रान्सिस बेरेसफर्ड याच्या भागीदारीत १७९० साली बटर्ली येथे कारखान्याचा पाया घातला. पुढे विल्यम जेसप व जॉन राइट हेही त्यांना मिळाले. दगडी कोळसा व लोहखनिज जागेवरच होते. झोतभट्टीला लागणारी चुनखडी जवळच्या क्रिच गावी मिळे. कालव्याचा सुमारे पावणेदोन मैलांचा बोगदा कारखान्याच्या बरोबर खालून जात असे. भूमीच्या पोटातच नावांसाठी धक्का बांधून, उभ्या विहिरींतून मालाची चढउतार होई. बोगद्यात घोड्याला वाट नव्हती. नावाडी उताणे पडून भिंतींना पायांनी रेटा देत आणि अंधारातून नाव पुढे ढकलीत.

या वैभवाला दुसरी बाजूही होती. नेपोलियनशी झालेले युद्ध संपल्यावर महागाई व बेकारी यांनी गांजलेले विणकर, खाणकामगार व लोहार १८१७ च्या जून महिन्यात जेरमाया ब्रँडरेथ याच्या पुढारीपणाखाली पेंट्रिच गावाहून निघाले आणि या कारखान्याच्या दाराशी आले. व्यवस्थापक जॉर्ज गुडविन याने त्यांना आत येऊ दिले नाही. बंड एका दिवसात मोडले. ब्रँडरेथसह तिघांना डर्बी येथे फाशी देण्यात आले.

सेंट पँक्रसचे छप्पर १८६८ चे. अभियंता बार्लो याने सुमारे २४० फूट रुंदीवर मध्ये एकही खांब न घेता ते उभारले. तेव्हा जगात त्याला तोड नव्हती. परंतु तोवर रेल्वेने कालव्याचा व्यापार ओढून नेला होता. त्यातच खाणींमुळे जमीन खचून १९०० साली बोगदा वाहतुकीस बंद पडला. ज्या कोळशाने कालव्याला माल पुरविला, त्याच कोळशाच्या खाणींनी त्याचा मार्ग बुजविला.

कारखाना पुढेही शतकभर चालला. स्कॉटलंडमध्ये फॉलकर्क येथे वरच्या व खालच्या कालव्यांना जोडणारे एक प्रचंड चक्र २००२ साली सुरू झाले. नाव पाण्यासकट सुमारे २४ मीटर वर उचलणारे हे यंत्र बटर्लीच्याच कारागिरांनी डर्बीशायरमध्ये जोडून पाहिले, मग सुटे करून उत्तरेस नेले. कालव्याच्या काठी जन्मलेल्या कारखान्याच्या हातून अखेरच्या काळातले एक थोर काम कालव्याचेच झाले. २००९ मध्ये त्याला टाळे लागले आणि इमारती जमीनदोस्त झाल्या.

आता पुनरुज्जीवनाची गोष्ट पाहा. १९६० नंतर सेंट पँक्रस पाडण्याचा घाट घातला गेला होता. १९६७ मध्ये त्याला कायद्याचे संरक्षण मिळाले आणि २००७ पासून पॅरिसच्या गाड्या त्याच छपराखाली थांबू लागल्या. कालव्याचा उत्तरेकडील भाग लोकांच्या फिरण्याची जागा झाला आहे. बटर्लीचा बोगदा व भूमिगत धक्काही २०१३ मध्ये संरक्षित ठरले. जे दिसते व उपयोगी पडते ते वाचते. ज्या शाळेत हात तयार झाले ती मात्र पुसली जाते.

मुंबईकरांना हे परके वाटू नये. १९८२ च्या संपानंतर गिरणगावातील गिरण्या एकामागून एक थंडावल्या, त्या जागी टोलेजंग इमारती आल्या आणि कोठे कोठे एकटी चिमणी तेवढी राखली गेली. चिमणी राखणे चांगलेच. पण साचा कसा लावीत, तुटलेला धागा कसा सांधीत, हे चिमणी सांगू शकत नाही. ते ज्यांच्या हातांना ठाऊक आहे, अशी वृद्ध मंडळी अजून आपल्यात आहेत. त्यांच्यापाशी बसून ते लिहून घेणे हे नव्या इमारतीच्या पायाइतकेच निकडीचे काम आहे, आणि त्याला जमिनीचा एक वारही लागत नाही.