मध : जखमेवर आणि जिभेवर

भाजलेल्या किंवा खरचटलेल्या जागी मध लावण्याचा उपचार फार जुना आहे. इ.स.पू. १६०० च्या सुमाराच्या एडविन स्मिथ पपायरस या इजिप्शियन ग्रंथात जखमेवर चरबी, मध आणि तंतू बांधायला सांगितले आहे. सुश्रुतसंहिता मधाचे आठ प्रकार सांगते आणि व्रण स्वच्छ करून भरून आणण्याचा गुण त्याला देते.

या अनुभवामागे कारण होते. मधात पाणी जेमतेम १७-१८ टक्के असते. एवढ्या दाट साखरेत जंतूंमधलेच पाणी ओढले जाते. त्यात मध आम्लधर्मी, आणि जखमेच्या ओलाव्याने पातळ झाला की त्यातले विकर हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करू लागते. सोलापूरच्या वैशंपायन स्मारक वैद्यकीय महाविद्यालयातील शल्यविशारद एम. सुब्रह्मण्यम यांनी भाजलेल्या १०४ रुग्णांवर केलेला अभ्यास १९९१ मध्ये ब्रिटिश शल्यचिकित्सेच्या नियतकालिकात आला. निम्म्यांना मध लावला, निम्म्यांना नेहमीचे चांदीयुक्त मलम. मध लावलेल्यांपैकी ९१ टक्के जखमा सात दिवसांत जंतुरहित झाल्या. मधाच्या आधुनिक अभ्यासात सोलापूरचे हे काम आजही आवर्जून सांगितले जाते.

जिभेवरच्या मधाची गोष्ट मात्र वेगळी. जातकर्मात नवजात बाळाला सोन्याने मध-तूप चाटवत. सहाणेवर उगाळलेली गुटी मधात कालवली जाई, आणि तोंड आलेल्या मुलाच्या जिभेवरून टाकणखाराची लाही घातलेल्या मधाचे बोट फिरे. टाकणखार घातलेला मध युरोपातही चोखणीला लावत. त्यातल्या टाकणखारामुळे झटके आलेल्या सात अर्भकांची नोंद १९८३ मध्ये प्रसिद्ध झाली.

खुद्द मधाचा धोका त्याआधीच कळला होता. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात अर्भकांच्या बोट्युलिझमची ओळख पटली आणि पुढच्या काही वर्षांत मधाशी असलेला त्याचा संबंध स्पष्ट झाला. हा आजार घडवणाऱ्या जंतूचे बीजाणू मधात वाढत नाहीत, पण मरतही नाहीत. घरच्या उकळीलाही ते दाद देत नाहीत. वर्षाच्या आतल्या बाळाच्या कोवळ्या आतड्यात ते रुजतात आणि विष तयार करतात. आधी शौचाला खडा होतो, मग रडणे क्षीण होते, दूध ओढवत नाही, मान लुळी पडते.

त्वचा आणि तोंड ही दोन ठिकाणे मोठ्यांसाठी वेगळी असतात, बाळासाठी नसतात. गालाला लावलेला मध क्षणात मुठीला लागतो आणि मूठ तोंडात जाते. म्हणून पहिल्या वाढदिवसापर्यंत मध अंगालाही लावू नये. त्यानंतर आतडे पक्व झालेले असते. धडधाकट मुलाच्या अखंड त्वचेला थोडा मध लागला तर सहसा अपाय नाही, मात्र पुरळ उठते का ते पाहावे. उघड्या जखमेत बरणीतला मध कधीच घालू नये. रुग्णालयांत वापरला जाणारा मध गॅमा किरणांनी बीजाणूरहित केलेला असतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ मध्ये मान्यता दिली ती अशा मधाच्या पट्टीला. मूल भाजले तर आधी त्या जागेवर वीस मिनिटे नळाचे वाहते पाणी सोडावे आणि मग दवाखाना गाठावा.