हळदीचे पेटंट आणि उटण्याचा पुरावा

१/२४
नरक चतुर्दशीची पहाट. तेल जिरलेले अंग, वाटीत दुधात कालवलेले उटणे आणि न्हाणीघरातून येणारा नागरमोथा-कचोऱ्याचा गंध. महाराष्ट्रातील असंख्य घरांत हा क्रम पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. तो कोणी घालून दिला, असे विचारले तर उत्तर ठरलेले असते: पूर्वीपासून असेच करतात.

२/२४
१९९५ साली याच उत्तराची कसोटी लागली. २८ मार्च १९९५ रोजी अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने ५४०१५०४ क्रमांकाचे पेटंट मंजूर केले. विषय होता, जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर. पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राशी संलग्न दोन संशोधकांच्या शोधासाठी होते आणि हे दोघेही भारतीय वंशाचे होते.

३/२४
हळद जखमेवर दाबून धरावी, हे ज्या देशात शाळकरी पोरालाही ठाऊक, त्या देशाला ही बातमी विनोदासारखी वाटली. परंतु कायद्याच्या दृष्टीने तो विनोद नव्हता. ‘सर्वांना ठाऊक आहे’ हा पुरावा तेथे चालत नव्हता. का चालत नव्हता, आणि अखेर कोणता पुरावा उपयोगी पडला, त्याचा हा #इतिहास.

४/२४
प्रारंभ ‘उटणे’ या शब्दापासून करू. मूळ संस्कृत शब्द ‘उद्वर्तन’, म्हणजे अंगावर चूर्ण किंवा लेप चोळणे. प्राकृतात त्याचे ‘उव्वट्टण’ झाले. त्यातून मराठीत ‘उटणे’ आणि हिंदीत ‘उबटन’ आले. शब्दाच्या या प्रवासातूनच दिसते की ही दिवाळीपुरती चाल नाही. ती रोजच्या व्यवहारातील जुनी क्रिया आहे.

५/२४
वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त दिनचर्येचा स्वतंत्र अध्याय आहे. त्यातील क्रम असा: आधी अभ्यंग, मग व्यायाम, मग उद्वर्तन आणि शेवटी स्नान. उद्वर्तनाने कफ व मेद कमी होतो, अंग दृढ होते आणि त्वचा प्रसन्न होते, असे ग्रंथकार सांगतो. आज दिवाळीच्या एका पहाटेपुरते उरलेले उटणे तेथे नित्यकर्माचा भाग आहे.

६/२४
आता एक अनपेक्षित गोष्ट. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात दहा-दहा द्रव्यांचे पन्नास गट दिले आहेत. त्यांपैकी एक गट ‘वर्ण्य’, म्हणजे कांती सुधारणारा. त्यात चंदन, पद्मक, वाळा, ज्येष्ठमध, मंजिष्ठा, सारिवा, दूर्वा अशी द्रव्ये आहेत. हळद त्यात नाही.

७/२४
मग हळद कोठे आहे? ती ‘कुष्ठघ्न’ गटात आहे, म्हणजे त्वचारोगांवरील द्रव्यांत, खदिर, हिरडा आणि आवळ्याच्या पंक्तीला. ती ‘विषघ्न’ गटातही आहे. सुश्रुतसंहितेत तर तिच्याच नावाचा ‘हरिद्रादि’ गण आहे आणि व्रणाच्या उपचारांत ती येते. या वैद्यांच्या लेखी हळद ही शृंगाराच्या आधी औषधाची वस्तू होती.

८/२४
कोशकारांनी मात्र तिची दुसरी बाजू टिपली. अमरकोशात हळदीच्या पर्यायनामांत ‘कांचनी’ आणि ‘वरवर्णिनी’ ही नावे आहेत. एक नाव सोन्याच्या रंगाचे, दुसरे उत्तम वर्णाचे. औषध आणि सौंदर्य हे दोन प्रवाह एकाच कंदाभोवती असे शतकानुशतके वाहत राहिले. लग्नातील हळद या दोहोंच्या संगमावर उभी आहे.

९/२४
चेहऱ्याच्या लेपाचे शास्त्र वाग्भटाने फार बारकाईने मांडले आहे. मुखलेप तीन प्रकारचे: दोष दूर करणारा, विष दूर करणारा आणि वर्ण सुधारणारा. लेपाची जाडीही ठरलेली आहे: अंगुळाचा चौथा भाग, तिसरा भाग किंवा अर्धा भाग. ‘थोडासा लावा’ अशी मोघम सूचना तेथे नाही.

१०/२४
त्याहून महत्त्वाचा नियम पुढे येतो. लेप ओला असेपर्यंतच चेहऱ्यावर ठेवावा. वाळलेला लेप कांती बिघडवतो. काढताना तो पुन्हा ओला करावा आणि नंतर तेल लावावे. लेप कडकडीत वाळून चेहरा ताणला गेला की तो ‘लागू पडला’ असे मानणाऱ्या आजच्या समजुतीच्या हे नेमके उलट आहे.

११/२४
लेप लावला असताना दिवसा झोपू नये, बोलू नये, विस्तवाजवळ किंवा उन्हात जाऊ नये, शोक व क्रोध टाळावा, असेही सांगितले आहे. पडसे, अजीर्ण, जागरण किंवा तोंडाला चव नसणे अशा अवस्थेत लेप लावूच नये. म्हणजे ‘घरगुती आहे, अपाय कसला?’ हा विचार या परंपरेचा नाही. लेप कोणी लावू नये, हेही तिने नोंदवून ठेवले.

१२/२४
वाग्भट सहा ऋतूंसाठी सहा निराळे लेप देतो. हेमंतात बोराच्या बियांतील मगज, अडुळशाचे मूळ, लोध्र आणि पांढरी मोहरी. वसंतात दर्भाचे मूळ, चंदन, वाळा, शिरीष, बडीशेप आणि तांदूळ. ग्रीष्मात कमळांचे प्रकार, दूर्वा, ज्येष्ठमध आणि चंदन. थंडीत उष्ण द्रव्ये, उन्हाळ्यात शीतल. बारमाही एकच लेप ही कल्पना तेथे नाही.

१३/२४
ग्रंथांतून हे ज्ञान राजवाड्यांत पोहोचले. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. आजच्या महाराष्ट्राचा मोठा भाग तेव्हा चालुक्यांच्या सत्तेखाली होता. राजाच्या उपभोगांचे वर्णन करताना सोमेश्वराने ‘स्नानभोग’ स्वतंत्रपणे मांडला आहे: सुगंधी तेलाचे मर्दन, चूर्णांचे उद्वर्तन आणि मग स्नान.

१४/२४
मराठीतही त्याच्या खुणा लवकर दिसतात. तेराव्या शतकातील ‘लीळाचरित्रा’त चक्रधरस्वामींच्या दिनक्रमात ‘मर्दना-मादणे’ असा उल्लेख येतो. मर्दना म्हणजे अंग चोळणे, मादणे म्हणजे स्नान. संस्कृत ग्रंथातील अभ्यंग येथे मराठी बोलीत, भक्तांच्या घरच्या आतिथ्याचा भाग होऊन अवतरतो.

१५/२४
याहून थेट पुरावा एका हस्तलिखितात आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील विद्वान परशुराम कृष्ण गोडे यांनी १९४० च्या दशकात ‘गंधसार’ आणि ‘गंधवाद’ हे ग्रंथ अभ्यासकांपुढे आणले. विषय सुगंधी द्रव्यांचा. यांतील ‘गंधवादा’वर चक्क मराठी टीका आहे! कृती करणाऱ्याला संस्कृत पुरत नव्हते, म्हणून कोणीतरी ती मराठीत उलगडून ठेवली.

१६/२४
छपाईचा इतिहासही येथे महत्त्वाचा ठरतो. १५६३ साली गोव्यात पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याचा औषधी द्रव्यांवरील ग्रंथ छापला गेला. भारतात छापल्या गेलेल्या आरंभीच्या पुस्तकांपैकी तो एक. त्यात हळदीची चर्चा ‘भारतीय केशर’ म्हणून आली आहे. म्हणजे हळद छापील कागदावर येऊन साडेचारशे वर्षे उलटली आहेत.

१७/२४
एकोणिसाव्या शतकात मुंबई हे आयुर्वेदाच्या छपाईचे मोठे केंद्र झाले. जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्यातून संहितांच्या शुद्ध आवृत्त्या निघू लागल्या. वैद्य शंकर दाजीशास्त्री पदे यांचा ‘आर्यभिषक्’ मराठी घरांत पोहोचला. पोथीतले ज्ञान असे फडताळातल्या पुस्तकात आले. त्या वेळी कोणाच्या मनातही नसेल की छापील पान हेच पुढे न्यायालयीन शस्त्र ठरणार आहे.

१८/२४
आता पुन्हा १९९५. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात एक विलक्षण भेद होता. एखादी गोष्ट अमेरिकेत लोकांच्या माहितीत किंवा वापरात असेल, तर ती नवी मानली जात नसे. परदेशात मात्र नुसता वापर मोजला जात नसे. तेथील माहिती पेटंटमध्ये किंवा छापील प्रकाशनात असली पाहिजे. कोट्यवधी भारतीय घरांतील हळदीचा डबा त्या कायद्याला दिसतच नव्हता. छापील पान मात्र दिसत होते.

१९/२४
वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेची, म्हणजे सीएसआयआरची, सूत्रे तेव्हा रघुनाथ माशेलकर यांच्याकडे होती. गोव्यातील माशेल येथे जन्मलेल्या आणि गिरगावात वाढलेल्या या शास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली परिषदेने १९९६ साली पेटंटच्या फेरतपासणीचा अर्ज केला. भावनेचे आवाहन उपयोगाचे नव्हते. शोधायची होती ती कागदपत्रे.

२०/२४
परिषदेने ३२ संदर्भ गोळा केले. त्यांत संस्कृत, उर्दू आणि हिंदी मजकूर होता; काही संदर्भ शंभर वर्षांहून जुने होते. १९५३ साली इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला एक निबंधही त्यांत होता. १९९७ मध्ये पेटंट कार्यालयाने सर्व सहाही दावे नाकारले आणि १९९८ मध्ये प्रकरणावर अधिकृत पडदा पडला.

२१/२४
विकसनशील देशाने आपल्या पारंपरिक ज्ञानाच्या आधारे अमेरिकी पेटंट रद्द करून घेतल्याचे हे गाजलेले पहिले उदाहरण. पण त्यातून एक अडचणही स्पष्ट झाली. प्रत्येक वनस्पतीसाठी असा लढा देणे कोणालाही परवडणारे नव्हते. कडुनिंबावरील युरोपीय पेटंट पूर्णपणे संपुष्टात येण्यास २००५ साल उजाडले. त्यामुळे पुरावा तंट्यापूर्वीच तयार ठेवणे आवश्यक होते.

२२/२४
म्हणून २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचे अंकीय ग्रंथालय उभारण्याचे काम सुरू झाले. आयुर्वेद, युनानी, सिद्ध अशा परंपरांतील योग इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानी या पाच भाषांत मांडले गेले. २००९ पासून परदेशी पेटंट कार्यालयांतील परीक्षकांना ते पाहता येऊ लागले. अमेरिकेनेही २०११ मध्ये कायदा बदलला आणि परदेशातील सार्वजनिक वापर न मोजण्याचा तो भेद २०१३ पासून संपला.

२३/२४
या विजयाने सिद्ध काय झाले, हे नीट समजून घ्यावे. हळद जखम बरी करतेच, असा निर्णय पेटंट कार्यालयाने दिला नाही. तिचा हा वापर नवा नाही, एवढेच ठरले. गुणाची परीक्षा प्रयोगशाळेत होते, प्राचीनतेची ग्रंथालयात. ‘पी हळद अन् हो गोरी’ ही म्हण उतावळेपणाची थट्टा करते. जुने आहे म्हणून गुणकारी आहे, असे म्हणणाऱ्यांनीही ती लक्षात ठेवावी.

२४/२४
एक उणीव मात्र उरतेच. संहिता वैद्यांनी लिहिल्या, ‘मानसोल्लास’ राजाने रचला, टीका पंडितांनी केल्या. मसुरीचे पीठ किती, आंबेहळद किती, वाळा चाळावा की कुटावा, हे ज्या स्त्रियांनी वर्षानुवर्षे ठरवले, त्यांचे प्रमाण ‘चिमूटभर’ आणि ‘अंदाजाने’ असेच राहिले. कोणत्याही पोथीत त्यांचे नाव नाही. येत्या दिवाळीत घरी उटणे कालवले जाईल, तेव्हा त्यातील जिन्नस, त्यांचे प्रमाण, करणारीचे नाव, गाव आणि तारीख एका वहीत लिहून ठेवता येईल. हळदीच्या खटल्याने शिकवले ते हेच: जे कागदावर नाही, ते जगापुढे सिद्ध करणे फार कठीण असते.

#थ्रेड #मराठी #इतिहास