स्टो व गॅसबत्ती : हवा भरण्याच्या पद्धती

रॉकेलवर चालणाऱ्या बिनवातीच्या चुली व दिवे यांच्या टाकीत हवेचा दाब तयार करण्याच्या रीती. मराठवाड्यात या चुलीला ‘पंपाचा स्टो’ व दिव्याला ‘गॅसबत्ती’ किंवा नुसती ‘बत्ती’ म्हणतात. नावात गॅस असला तरी टाकीत असते ते रॉकेलच. ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील वातीवर जळणारा, म्हणून तो या नोंदीत येत नाही.

बिनवातीचा स्टो स्वीडनच्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट याने १८९२ च्या सुमारास बनवला व ‘प्रायमस’ या नावाने तो जगभर गेला. पेट्रोमॅक्स ही बर्लिनच्या माक्स ग्रेट्झची बत्ती. पेट्रोलियम आणि माक्स मिळून तिचे नाव झाले. मराठवाड्यातला जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. तिथला बत्तीचा बहर त्याआधीचा, हा मुलूख औरंगाबाद व परभणी जिल्ह्यांत होता तेव्हाचा. अंबड, भोकरदन, परतूरकडच्या खेड्यांत वीज पोचण्यापूर्वी लग्नाची वरात, कीर्तन, तमाशा हे सारे भाड्याच्या बत्तीवर चाले. उजेड पिवळा पडू लागला की कोणीतरी उठून चार पंप मारी.

पंप पुन्हापुन्हा का मारावा लागतो? हवा कुठे निसटते म्हणून नव्हे. टाकीत तीनचतुर्थांश रॉकेल भरले तर हवेला एकचतुर्थांश जागा उरते. रॉकेल जळत जाते तशी ही जागा वाढते आणि तीच हवा सैलावते. टाकी अर्धी झाली की हवेला दुप्पट जागा मिळते; वातावरणाच्या तिप्पट असलेला दाब मग दीडपटीवर येतो. टाकी काठोकाठ भरली तर थोड्या पंपांत दाबाचा काटा झरकन चढतो, पण उतरतोही तितक्याच लवकर.

नेहमीची रीत हातपंपाची. दांड्याच्या टोकाला चामड्याचा वाटीसारखा वायसर असतो, त्याचे तोंड टाकीकडे. दांडा दाबला की वाटीच्या कडा नळीला घट्ट चिकटतात व हवा तळाच्या एकमार्गी झडपेतून आत जाते. बिघाड बहुधा या दोनच जागी. उन्हाळ्यात चामडे सुकून आकसते आणि पंप पोकळ जातो. तेव्हा वायसर काढून तेलात मुरवावा व बोटाने कडा पसराव्यात. दांडा आपोआप वर येऊ लागला, तर झडप गळते आहे असे समजावे.

हवा कधी भरायची, हे किती भरायची याइतकेच महत्त्वाचे. स्टोमध्ये आधी स्पिरिटचा काकडा लावून बर्नर तापवतात, मग हवेचा स्क्रू बंद करून पंप मारतात. बर्नर थंड असताना पंप मारला, तर निपलमधून वाफेऐवजी पातळ रॉकेलची चिळकांडी उडते व भडका होतो. पेट्रोमॅक्सच्या ज्या नमुन्यांत तापवणीची फुंकणी टाकीच्या दाबावरच चालते, तिथे क्रम उलटा: आधी हवा, मग फुंकणी. मोठ्या बत्तीच्या काट्यावरील तांबडी खूण २ बारच्या आसपास असते.

अमेरिकी कोलमन बत्तीच्या पंपाच्या मुठीला भोक असते. मूठ थोडी सैल फिरवून, भोकावर अंगठा ठेवून पंप मारायचा आणि शेवटी मूठ घट्ट आवळायची. गिर्यारोहकांच्या स्वेआ १२३ सारख्या छोट्या स्टोला पंपच नसतो. त्यात पेट्रोलजातीचे हलके इंधन असते व जळत्या बर्नरच्या उष्णतेने त्याची वाफ होऊन दाब आपोआप तयार होतो. रॉकेल इतक्या सहज वाफ धरत नाही, म्हणून त्याला हवेचा आधार लागतो.

टाकीच्या झाकणात सायकलच्या ट्यूबची व्हॉल्व्ह बसवून बाहेरच्या पंपाने हवा भरण्याचीही युक्ती आहे. दाबाचा काटा नसेल तर ती टाळलेली बरी. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर तर लावूच नये. जुन्या डाखांना तो दाब झेपत नाही.

‘स्टोचा भडका उडून’ हे शब्द एकेकाळी सासुरवाशिणींच्या मृत्यूच्या बातम्यांत इतके नेमाने येत की त्यांवर कोणाचा विश्वास राहिला नाही. सासरच्या छळाविरुद्धचे भारतीय दंडसंहितेतील कलम ४९८-अ याच पार्श्वभूमीवर १९८३ मध्ये आले. यंत्रापुरते बोलायचे तर, धड अवस्थेतली पितळी टाकी नेहमीच्या दाबाने सहसा फुटत नाही. खरे अपघात होतात ते जळत्या स्टोचे झाकण उघडल्याने, रॉकेलमध्ये पेट्रोल मिसळल्याने किंवा डाख गळत असल्याने. गळती शोधायची तर स्टो विझलेला व थंड असताना थोडी हवा भरून जोडांवर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडा आला तिथे छिद्र आहे.

स्टो विझवतात तोही स्क्रू सैल करून, हवा सोडूनच. माळ्यावर ठेवताना टाकी रिकामी करावी व स्क्रू उघडाच ठेवावा.