आठवण म्हणजे कोठार नव्हे

"डॉक्टर, बाबांना पन्नास वर्षांपूर्वीचं सगळं आठवतं. शाळेतल्या मास्तरांची नावंसुद्धा. पण सकाळची गोळी घेतली का विचारलं, तर 'घेतली' म्हणतात आणि गोळी तशीच पाकिटात असते. मुद्दाम करतात का हो?"

असा प्रश्न घेऊन येणारी मुलगी किंवा सून बहुतेक वेळा थकलेली असते. थोडी चिडलेली असते, आणि चिडल्याबद्दल मनातून खजीलही असते. या प्रश्नामागे आपल्या सगळ्यांचीच एक समजूत दडलेली आहे. मेंदू म्हणजे कोठार आणि आठवणी म्हणजे त्यात ठेवलेला माल. पन्नास वर्षांपूर्वीचा माल सापडतो, तर आज सकाळचा का सापडू नये?

ही समजूत जुनीच आहे, पण संगणकामुळे ती आणखी घट्ट झाली. "माझी मेमरी फुल झाली" असं आपण सहज म्हणतो. म्हणून आज थोडा इतिहास सांगतो. संगणकाचा, टीव्हीवरच्या एका विनोदी मालिकेचा आणि एका गायकाचा. तो वाचल्यावर वरच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हालाच सापडेल.

यंत्राला 'मेमरी' कशी मिळाली?

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेज यांनी गणित करणाऱ्या एका मोठ्या यंत्राचा आराखडा केला. ते यंत्र पूर्ण झालं नाही. त्यात आकडे ठेवण्याच्या भागाला त्यांनी 'स्टोअर', म्हणजे कोठार, असं नाव दिलं होतं आणि गणित करणाऱ्या भागाला 'मिल', म्हणजे गिरणी. धान्य कोठारातून काढायचं, गिरणीत दळायचं आणि पुन्हा कोठारात ठेवायचं, असा तो हिशेब होता.

पुढे १९४५ साली अमेरिकेत जॉन फॉन नॉयमन यांनी एडव्हॅक या नव्या संगणकाविषयी अहवाल लिहिला. त्यांनी यंत्राच्या भागांची तुलना मेंदूतल्या पेशींशी केली आणि माहिती ठेवण्याच्या भागाला 'मेमरी' म्हटलं. शब्द माणसाचा होता, तो यंत्राला उसना दिला. काही वर्षांनी आपण तोच शब्द यंत्राकडून परत घेतला, पण येताना तो कोठाराचा अर्थ घेऊन आला.

खरं तर यंत्राची मेमरीसुद्धा निवांत कोठारासारखी नव्हती. १९५३ च्या सुमारास एमआयटीमध्ये जे फॉरेस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चुंबकीय कड्यांची मेमरी वापरात आणली. तारांच्या जाळीत ओवलेली बारीक कडी असायची. कडं एका दिशेने चुंबकित असेल तर एक आणि उलट दिशेने असेल तर शून्य. पण कड्यात काय आहे हे वाचायचं, तर त्याला शून्याकडे ढकलावं लागे. म्हणजे वाचलं की पुसलं गेलं! म्हणून प्रत्येक वाचनानंतर यंत्राला तीच माहिती पुन्हा लिहावी लागे. आज तुमच्या फोनमधल्या मुख्य मेमरीतला विद्युतभारही हळूहळू गळत असतो, त्यामुळे ती सेकंदाला अनेक वेळा पुन्हा भरावी लागते. जपणं म्हणजे पुन्हा पुन्हा लिहिणं.

मेंदूत अशी कडी नसतात, पण एक साम्य चकित करणारं आहे. २००० साली न्यूयॉर्कमध्ये करीम नादर, ग्लेन शेफ आणि जोसेफ लेडू यांनी उंदरांवर एक प्रयोग केला. एका आवाजाची भीती उंदरांच्या मनात पक्की बसली होती. तो आवाज ऐकवून आठवण जागी केली आणि लगेच, नवी प्रथिनं तयार होऊ न देणारं औषध मेंदूच्या ठरावीक भागात दिलं. नंतर पाहिलं तर भीती बरीच ओसरली होती. आठवण जागी न करता तेच औषध दिलं, तर भीती टिकून राहिली. म्हणजे जागी झालेली आठवण काही काळ मऊ होते आणि तिला पुन्हा घट्ट व्हावं लागतं. प्रयोग उंदरांवरचा आहे. माणसाची प्रत्येक आठवण नेमकी अशीच वागते असा त्याचा अर्थ नाही. पण आठवणं म्हणजे कपाटातून वस्तू काढणं नव्हे, एवढं मात्र त्यातून दिसतं.

पुसलेले भाग, नवे नट

आता ब्रिटनमध्ये जाऊ. १९६८ साली बीबीसीवर 'डॅड्स आर्मी' ही विनोदी मालिका सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धात गावाचं रक्षण करायला निघालेल्या, बहुतेक वयस्कर अशा हौशी सैनिकांची ती गोष्ट. लेखक जिमी पेरी स्वतः किशोरवयात अशा दलात होते, म्हणजे मालिका त्यांच्या आठवणींतूनच उभी राहिली.

त्या काळी व्हिडिओ टेप महाग असे. कार्यक्रम दाखवून झाला की टेप पुसून पुन्हा वापरत. या मालिकेच्या दुसऱ्या वर्षातले काही भाग असेच गेले. दोन भाग २००१ मध्ये परत मिळाले, पण तीन अजूनही हरवलेलेच आहेत. संहिता मात्र शिल्लक होत्या. म्हणून २०१९ मध्ये नवे नट घेऊन ते तीन भाग पुन्हा चित्रित केले गेले. शब्द तेच, चेहरे नवे.

आपलं आठवणं बरंचसं असंच असतं. केंब्रिजचे फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ च्या आपल्या पुस्तकात हे दाखवलं. त्यांनी अमेरिकेतल्या आदिवासींची एक लोककथा इंग्रज वाचकांना वाचायला दिली आणि नंतर आठवून लिहायला सांगितली. अनोळखी तपशील गळून गेले, उरलेल्या गोष्टी वाचकांच्या ओळखीच्या जगाप्रमाणे बदलल्या. कुणीही खोटं बोलत नव्हतं. जिथे मोकळी जागा होती, तिथे मेंदूने नवे नट उभे केले होते.

बाबा "गोळी घेतली" म्हणतात, तेव्हा अनेकदा हेच घडतं. आज सकाळची टेप कोरी असते, पण वर्षानुवर्षांच्या सकाळींची संहिता पाठ असते. मेंदू तीच सादर करतो. त्यांना ते खरंच वाटतं.

हात विसरत नाहीत

मग जुनं राहतं आणि नवं का जातं? १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या तरुणावर फिट्स थांबवण्यासाठी शस्त्रक्रिया झाली. मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस हा भाग बराचसा काढला गेला. फिट्स कमी झाल्या, पण नव्या घटना त्याच्या लक्षात राहणं बंद झालं. बालपण बरंच शाबूत होतं. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात पाहून चांदणी गिरवायला दिली. रोज त्याचा हात सुधारत गेला आणि रोज त्याला वाटे, की हे आपण पहिल्यांदाच करतोय! घटनांची आठवण आणि हाताची आठवण वेगळ्या असतात, हे त्यातून कळलं. अल्झायमरच्या आजारात सहसा हिप्पोकॅम्पसच लवकर बिघडू लागतो. म्हणून आधी आजची सकाळ जाते, शाळेतले मास्तर राहतात.

अमेरिकी गायक ग्लेन कॅम्पबेल यांनी २०११ मध्ये आपल्याला अल्झायमर असल्याचं जाहीर केलं आणि ते निरोपाच्या दौऱ्यावर निघाले. त्यांनी शंभराहून अधिक कार्यक्रम केले. तीन मुलं वाद्यवृंदात सोबतीला होती, गाण्याचे शब्द समोरच्या पडद्यावर दिसत. शब्द निसटत, पण गिटारवरची बोटं वाट चुकत नसत. २०१३ मध्ये त्यांनी शेवटचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. त्याच्या नावाचा अर्थ आहे, 'मला तुझी उणीव भासणार नाही.' दुःख घरच्यांच्या वाट्याला येईल, विसरणाऱ्याला ते कळणारही नाही, असं ते कटू सत्य. त्या गाण्याला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. २०१७ मध्ये कॅम्पबेल गेले.

गाण्याने आजार बरा होत नाही. पण बोलणं तुटत चाललेल्या माणसाशी नातं राखायला गाणं ही एक चांगली वाट आहे.

तुम्ही काय कराल?

१. उलटतपासणी थांबवा. "सांगा बरं, मी कोण?" असं विचारू नका. "बाबा, मी आलेय" असं स्वतःच सांगा. उत्तर आलं नाही की माणूस खजील होतो, स्मरणशक्ती सुधारत नाही.

२. "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. बी-१२ ची कमतरता, थायरॉईडचा बिघाड, नैराश्य, झोपेच्या काही गोळ्या यांमुळेही विसरभोळेपणा येतो. ही कारणं सापडली तर उपाय करता येतात. तपासणी करून घ्या.

३. विनोदी मालिकांत डोक्यावर दुसरा फटका बसला की गेलेली स्मृती परत येते. प्रत्यक्षात दुसरा फटका फक्त जास्त इजा करतो. वयस्कर माणूस पडल्यानंतर काही आठवड्यांनी गोंधळू लागला, झोपाळू झाला किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर मेंदूवर रक्त साठलेलं असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. वेळेत कळलं तर त्यावर चांगले उपचार आहेत.

४. गोळ्यांसाठी आठवड्याचे सात कप्पे असलेली डबी आणा. डबी तुमच्याकडे ठेवा आणि गोळी स्वतः हातात द्या.

आणि त्या वेळी "घेतली का?" असं विचारू नका. पाण्याचा पेला पुढे करा आणि म्हणा, "बाबा, चला, गोळी घेऊया." एवढ्याने रोज सकाळचं एक भांडण टळतं.