काच आली, उजेड केव्हा आला?

दिवाळी म्हटली की दिव्यांविषयी लिहायचे, हा आपला रिवाज. यंदा दिव्याचे कौतुक थोडे बाजूला ठेवून, उजेडाला घरात वाट करून देणाऱ्या काचेविषयी चार शब्द लिहावेत असे मनात आहे.

काच आपल्याला नवी नाही. बांगडीची काच आपल्या देशात शतकानुशतके किणकिणते आहे. नवी होती ती घराची काच. बाईच्या मनगटावर काच होती, पण ती जिथे दिवसभर राबे त्या चुलीपाशी उजेड आणणारी काच फार उशिरा पोचली. हा उशीर का झाला, हेच पाहण्यासारखे आहे.

वाईजवळ कृष्णाकाठी मेणवलीला नाना फडणिसांचा वाडा आहे. अशा चौकांच्या वाड्यात उजेड यायचा तो मुख्यतः चौकातून. श्रीमंतांकडे विलायती काच आली ती हंड्या, झुंबरे आणि आरसे होऊन. पुढे इंग्रजी अमदानीत खिडक्यांना लाल, निळी, हिरवी तावदाने लागली. पण हा सारा थाट दिवाणखान्यात, आल्यागेल्याने पाहावा म्हणून. मागे माजघर, स्वयंपाकघर आणि बाळंतिणीची खोली अंधारातच. घरात काच होती, पण तिचा उजेड घरच्यांसाठी नव्हता.

यात आपणच तेवढे वेगळे होतो असे नाही. इंग्लंडात १६९६ साली खिडक्यांवर कर बसला, तेव्हा कर चुकवण्यासाठी लोकांनी आपल्याच खिडक्या विटांनी बुजवल्या. काचेवर वेगळा कर होता, तो १८४५ साली उठला. खिडक्यांवरचा कर जायला १८५१ साल उजाडले, आणि त्याच वर्षी लंडनात लोखंड व काचेचा तो प्रसिद्ध क्रिस्टल पॅलेस उभा राहिला. उजेडसुद्धा ऐपत पाहून घरात येतो, तो असा.

आता आपल्या मुलखाकडे वळू. १९४९ साली सातारा जिल्ह्यातून दक्षिण सातारा वेगळा निघाला. १९६० साली त्याचे नाव सांगली झाले. जिल्हे वेगळे झाले तरी घरांच्या अडचणी सारख्याच होत्या. पूर्वेकडे जत, आटपाडीच्या दुष्काळी भागात मातीच्या माळवदाची घरे. माळवदाला एक साणे ठेवलेले असे. त्यातून धूर बाहेर जायचा आणि उन्हाचा एक कवडसा आत यायचा. पाऊस आला की वर धावून ते झाकायचे, की घरात भर दिवसा रात्र! माझ्या आजोळी त्या साण्यावर काचेचा एक तुकडा बसवला होता. आजी म्हणायची, "आता तांदळातला खडा दाताला कळायच्या आधी डोळ्याला कळतो."

पश्चिमेला पाटण, जावळीकडे पाऊस मोठा, म्हणून उतरती छपरे. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि ती कौले हळूहळू सगळीकडे पसरली. त्याच घडणीचे काचेचे कौल मिळू लागल्यावर चार कौलांमध्ये एक काचेचे बसवले की काम झाले. झुंबराला जे जमले नाही ते या एका कौलाने केले. चुलीपुढच्या बाईच्या ताटात उजेड पाडला.

पण हे झाले दिवसाचे. रात्रीचे काय? गरिबाघरी पत्र्याची चिमणी असायची. ती उजेडापेक्षा काजळीच जास्त द्यायची आणि वाऱ्याची झुळूक आली की विझायची. ज्योतीभोवती काच आली की खालून ताजी हवा ओढली जाते, ज्योत स्थिर आणि पांढरी होते. मात्र ही काच पातळ हवी आणि आच सोसणारी हवी. तयार झाल्यावर ती सावकाश निववावी लागते. घाईने गार केली तर पोटात ताण राहतो आणि एक दिवस ती आपोआप तडकते.

हे कसब शिकायला आपल्याकडे शाळा काढली ती लोकांच्या पैशा-पैशाने. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसाफंडातून १९०८ साली तळेगाव दाभाड्याला काचकारखाना निघाला. लोकमान्य टिळकांचा त्याला पाठिंबा होता. तिथे शिकलेले तरुण देशभर पांगले. १९१६ साली कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा काचकारखाना उभा राहिला. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा त्यांना आधार होता. आज सांगली जिल्ह्यात असलेल्या किर्लोस्करवाडीलाही १९१० साली त्यांनीच जागा दिली होती. ओगल्यांनी आपल्या कंदिलाला वडिलांचे नाव दिले, आणि 'प्रभाकर' कंदील घरोघर गेला. प्रभाकर म्हणजे सूर्य. नाव किती चपखल! तिन्हीसांजेला राखेने कंदिलाची काच पुसायची, ती लहान हाताच्या पोराने, कारण मोठ्यांचा हात आत जात नसे. त्याच कंदिलाभोवती गोल बसून कितीतरी पोरे शिकली आणि गावाबाहेर नोकरीला लागली. पुढे कारखाना बंद पडला. ओगलेवाडी हे गावाचे नाव मात्र राहिले.

१९५९ साली इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीने वितळलेल्या कथलावर काच तरंगवून सपाट करण्याची रीत जाहीर केली. त्यानंतर आरशासारखी सपाट तावदाने सर्वत्र होऊ लागली. आज सातारा-सांगलीच्या नव्या बंगल्यांत काचेला तोटा नाही. न्हाणीघराला दुधी काच, म्हणजे उजेड येतो आणि नजर येत नाही. जिन्याला कठीण केलेली काच, जी फुटलीच तर बारीक खडे होऊन पडते. हे शहाणपणच आहे. पण कित्येक घरांत समोर दोन मजली काळी काच, तिच्यामागे जाड पडदे, आणि स्वयंपाकघरात दुपारी बारा वाजता लावलेला दिवा! म्हणजे वाड्यातली जुनी खोड नव्या काचेतून पुन्हा डोकावते आहे.

म्हणून घर बांधणाऱ्याला माझे एवढेच सांगणे आहे. काच निवडण्याआधी एक दिवस घरात नुसते हिंडावे आणि कोण कुठे, किती वेळ बसते ते पाहावे. शिवणारी आई, वाचणारे आजोबा, अभ्यास करणारे पोर यांच्यापाशी पहिली काच लावावी. दर्शनी भागाची पाळी मग येऊ द्या. लक्ष्मी पुढच्या दाराने येते खरी, पण ती मुक्काम करते ती माजघरातच.