फडताळ ते ट्रॉली : स्वयंपाकघरातील कपाटाची पारख

जुन्या वाड्यांची वर्णने लिहिणारे लेखक दिवाणखान्यातील झुंबरे मोजतात, देवघराच्या कोरीव चौकटीपुढे थबकतात. परंतु स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशी येताच त्यांची लेखणी मागे फिरते. वस्तुतः घरातील लाकूडकामाची खरी कसोटी तेथेच लागते. धूर, तेल, वाफ, मुंग्या, वाळवी आणि पाणी यांच्याशी अहोरात्र झुंजणारे लाकूड दुसऱ्या कोणत्या खोलीत असते? गेल्या काही वर्षांत आपल्या ज्ञातीतील अनेक कुटुंबे जुन्या चाळी व वाडे सोडून नव्या इमारतींत राहावयास गेली. आणखी कित्येक जाण्याच्या तयारीत आहेत. जाताना आजोबांच्या वेळची कपाटे मोडीत निघतात आणि नव्या स्वयंपाकघरासाठी लाखांनी रुपये मोजले जातात. आपण टाकतो ते काय आणि घेतो ते काय, हे पाहावे एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

पूर्वीच्या घरांत सुटे कपाट फारसे नसेच. भिंती जाड असत व त्या जाडीतच कोनाडे आणि फडताळे काढलेली असत. भिंतीच्या पोकळीत दोन-तीन फळ्या आणि पुढे दोन दारे, एवढे फडताळाचे स्वरूप. भांडी मांडणीवर, धान्य उतरंडीत, दूधदुभते शिंक्यावर. मागाहून शहरांत जाळीचे कपाट आले. त्याच्या चार पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवीत, म्हणजे मुंगी वर चढत नसे. या कपाटाचे पाय वर्षानुवर्षे पाण्यात उभे असत, तरी ते कुजत नसत. कारण जाणता सुतार बाकीच्या भागात लाकडाची काटकसर करी, पण पायांना पक्का साग घाली. पाणी कोठे लागणार आणि तेथे कोणते लाकूड टिकणार, हा विचार त्या साध्या वस्तूतही होता.

सागाची थोरवी आपल्या किनाऱ्याला नवी नव्हे. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील कारागिरांनी बांधलेली 'त्रिंकोमाली' ही सागवानी युद्धनौका १८१७ साली पाण्यात उतरली, ती इंग्लंडातील हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे. पुढे ब्रह्मदेशाचा साग मोठ्या प्रमाणावर येऊ लागला. १८६३ साली मुंबईत स्थापन झालेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही त्या व्यापारातील प्रमुख कंपनी. तिच्या लाकूडतोडीवरून ब्रह्मी दरबाराशी तंटा झाला, दरबाराने दंड ठोठावला आणि हे निमित्त साधून इंग्रजांनी १८८५ च्या नोव्हेंबरात युद्ध पुकारले. थिबा राजा पदच्युत झाला, रत्नागिरीस नजरकैदेत आला आणि १९१६ साली तेथेच निवर्तला. त्याच्यासाठी १९१० साली पूर्ण झालेला राजवाडा आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. ज्या लाकडापायी एक राज्य लयास गेले, त्या लाकडाचे कपाट भंगारवाल्यास फुंकून टाकताना क्षणभर हात थांबावा, असे आम्हांस वाटते.

त्या काळी कपाटाची पारख करणे तुलनेने सोपे होते, कारण लाकूड उघडे होते. सुतार अंगणात बसून काम करी; घरची वडील माणसे ओंडका निवडण्यापासून बिजागरी बसेपर्यंत सारे पाहत. फळीचा रंग सोनेरी-तपकिरी आहे की सालीजवळचा फिकट भाग मध्येच घुसडला आहे, हे नुसत्या डोळ्यांना दिसे. सागाला वाळवी लागत नाही असे म्हणतात, ते त्याच्या गाभ्यापुरतेच खरे. फिकट भागाला तो गुण नाही. सांध्यांची गोष्टही तशीच. खाच व कुसू एकमेकांत घट्ट बसवून केलेला सांधा आणि नुसता खिळा ठोकून केलेला सांधा यांतील भेद मुलांनाही कळे.

ही स्थिती पालटली ती चूल जमिनीवरून उठली तेव्हा. १९५५ साली बर्मा शेल कंपनीने मुंबईत घरगुती गॅस विकावयास आरंभ केला आणि उभ्याने स्वयंपाक करण्याची सोय हळूहळू घरोघर झाली. ओटा उंच झाला, मोरीतील धुणे-विसळणे ओट्यावरील सिंकमध्ये आले आणि ओट्याखाली जी रिकामी जागा उरली तीत कपाटे शिरली. म्हणजे कोरड्या भिंतीतील फडताळ थेट पाण्याच्या नळाखाली येऊन बसले! कपाटाच्या इतिहासात याहून मोठे स्थित्यंतर झालेले नाही.

ओट्याखाली व ओट्यावर सलग कपाटे बसविण्याची ही रचना मात्र मूळची युरोपातील. १९२६ साली मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या विदुषीने जर्मनीतील फ्रांकफुर्ट शहरात कामगारांच्या घरांसाठी स्वयंपाकघराचा एक नमुना आखला. खोली सुमारे ३.४ मीटर लांब व १.९ मीटर रुंद. अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरे तेथे बांधली गेली. आमचे लक्ष वेधते ते तिच्या लाकडाच्या निवडीने. पिठाचे खण ओक लाकडाचे केले, कारण त्यातील तुरट द्रव्यामुळे किडे दूर राहतात; काम करण्याची फळी बीच लाकडाची केली, कारण तिच्यावर डाग व सुरीचे चरे कमी उमटतात. आपल्या सुतारानेही जाळीच्या कपाटाच्या पायांपुरता हाच विचार केला होता. पुढे ही रचना जगभर पसरली, पण त्यामागील विचार वाटेत सांडला.

कारण लाकूडच झाकले गेले. आपल्याकडे प्लायवुडाचा धंदा वाढला तो प्रथम आसामातील चहाच्या पेट्यांसाठी. घरच्या कपाटात ते मागाहून आले. लाकडाचा भुसा व चिपा दाबून केलेला पार्टिकल बोर्ड हे दुसऱ्या महायुद्धकालीन जर्मनीचे अपत्य. या सर्वांवर चिकटविला जाणारा चकचकीत पत्रा, ज्याला आपण सरसकट सनमायका म्हणतो, तो अमेरिकेत १९१२ च्या सुमारास निघाला तेव्हा विजेच्या यंत्रांतील अभ्रकाला पर्याय म्हणून निघाला होता. या पत्र्याने सर्व फळ्यांना एकच मुखवटा दिला. आत सागाची पट्टी असो वा भुसा असो, बाहेरून दोन्ही सारखेच देखणे. साहजिकच गिऱ्हाइकाची नजर निकामी झाली आणि तिच्या जागी छाप आला. १९४७ साली स्थापन झालेल्या भारतीय मानक संस्थेचे, म्हणजे आजच्या भारतीय मानक ब्यूरोचे, आय. एस. ३०३ हे साधारण वापराच्या प्लायवुडाचे मानक असून आय. एस. ७१० हे जलरोधक, म्हणजे 'मरीन' म्हणून विकल्या जाणाऱ्या प्लायवुडाचे आहे. दुसऱ्या प्रकारच्या सरसाची परीक्षा ७२ तास उकळत्या पाण्यात होते. सिंकखाली हेच हवे.

छाप पाहावाच, पण डोळे मिटू नयेत. मुखवटा पुढून घट्ट असतो, म्हणून आम्ही कडेने पाहावयास सांगतो. नळासाठी किंवा बिजागरीसाठी जेथे भोक पाडले आहे तेथे फळीचे पोट उघडे पडते. प्लायवुड असेल तर एकाआड एक उभे-आडवे थर मोजता येतील, व ते विषम संख्येत असतील; थरांत पोकळी दिसली तर माल हलका. भुसा दिसला तर ती फळी कोरड्या भिंतीवरील वरच्या कपाटास चालेल, ओट्याखाली मुळीच नाही. आमच्या परिचयाच्या एका घरी ओट्याखालची अशी कपाटे पहिल्याच पावसाळ्यात पावासारखी फुगली. बिजागरीचे स्क्रू सुटून दारे लोंबू लागली आणि विक्रेता फोन उचलीना. घरच्या सूनबाईंनी आरंभीच कापलेला तुकडा मागून रात्रभर पाण्यात टाकून पाहण्याचे सुचविले होते. पण जी रोज तेथे उभी राहणार तिचे ऐकण्याची आपल्या पुरुषवर्गास सवय नाही, त्याला काय करावे! खण पूर्ण बाहेर ओढून त्याचा तळ खाचेत बसविला आहे की खालून नुसता ठोकला आहे, तेही पाहावे. चौकटीचे दोन्ही तिरपे कर्ण दोरीने मोजावेत; ते समान नसतील तर दारे कधीच नीट मिटणार नाहीत.

आता जुन्या कपाटाविषयी. त्यास नवे रूप द्यावयाचे असल्यास आधी ते हलवून पाहावे. सांधे डगमगत असतील पण लाकूड ठणठणीत असेल, तर चांगला सुतार ते उकलून पुन्हा जुळवू शकतो. पायांच्या तळाशी व पाठीमागे टोचा रुतवून पाहावा. तो सहज आत गेला तर लाकूड कुजले आहे किंवा वाळवीने पोखरले आहे असे समजावे. जुना तेलरंग कोरडा घासू नये. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांवर आणणारे नियम आपल्याकडे २०१६ साली झाले व २०१७ च्या नोव्हेंबरापासून लागू झाले. त्यापूर्वीच्या रंगांत शिसे असण्याचा संभव मोठा आणि त्याची धूळ लहान मुलांस फार घातक. पृष्ठभाग ओला करून घासावा, मुलांस व गरोदर स्त्रियांस त्या जागेपासून दूर ठेवावे आणि निघालेला गाळ कागदात गुंडाळून टाकावा. रंगाखाली सोनेरी गाभा निघाला तर नुसते पॉलिश करावे. खाली फिकट देवदारी फळ्या निघाल्या, तर पूर्वीच्या मालकाने तेलरंग का दिला होता ते आपोआप उमगेल. तेथे पुन्हा रंगच द्यावा.