आखूड तुकड्याचा ताठपणा

काथ्याच्या सुंभाचं वेटोळं जमिनीवर टाकलं तर कसंही पडतं. त्याचाच बोटभर तुकडा मात्र काडीसारखा ताठ राहतो. डीएनएचंही तसंच. साधारण 50 नॅनोमीटर, म्हणजे सुमारे 150 बेसजोड्या, एवढ्या अंतरात हा रेणू आपली दिशा धरून असतो, त्यापुढे भरकटतो. या अंतराला ‘पर्सिस्टन्स लेंग्थ’ म्हणतात. ते ज्या प्रारूपात बसतं ते दुहेरी सर्पिलाच्या शोधाहूनही जुनं आहे: अळीसारख्या सलग वळणाऱ्या साखळीचं, क्रात्की आणि पोरोड यांनी 1949 साली मांडलेलं.

एकच रेणू हाती धरून ओढायला मात्र 1992 उजाडलं. ओरेगन विद्यापीठात स्मिथ, फिंझी आणि बुस्तामांते यांनी लॅम्डा विषाणूच्या डीएनएचं एक टोक काचेला चिकटवलं, दुसऱ्याला चुंबकीय मणी अडकवला. मणी चुंबकाने आणि पाण्याच्या प्रवाहाने ओढायचा, किती सरकला ते सूक्ष्मदर्शकातून पाहायचं. इतकी साधी मांडणी, आणि तिने एका रेणूची ओढ मोजली! रेणू 48,502 बेसजोड्यांचा, ताणला तर सोळा-सतरा मायक्रॉन. निम्म्या लांबीपर्यंत उलगडायला पिकोन्यूटनचा दहावा भाग पुरतो. आणि पिकोन्यूटन म्हणजे शंभर ग्रॅम वजनाच्या भाराचा लाख कोटीवा भाग. ही ओढ स्प्रिंगची नव्हे. पाण्याचे रेणू सतत धडका देतात. गुरफटून पडण्याच्या तऱ्हा असंख्य आणि सरळ राहण्याची एकच, म्हणून दोरा आत खेचला जातो. मार्को आणि सिग्गिया यांचं सूत्र 1994 साली या मोजमापांशी सुरेख जुळलं.

त्या सूत्राने धरून चाललेली एक गोष्ट अशी की दोरा एवढा लांब आहे की टोकं हिशेबात घ्यायची गरज नाही. 2007 साली कोलोरॅडोतल्या बोल्डरमध्ये पर्किन्स, बेटरटन आणि सहकाऱ्यांनी 632 नॅनोमीटरपासून 7 मायक्रॉनपर्यंतचे तुकडे ओढून पाहिले. 1300 नॅनोमीटरच्या तुकड्यावर हेच सूत्र लावलं तर पर्सिस्टन्स लेंग्थ 10 टक्क्यांनी कमी निघाली. पण दोरा कापल्याने द्रव्याचा ताठपणा कसा बदलेल? त्यांनी रेणूवर नव्हे, सूत्रावर संशय घेतला; मला या कथेतली सर्वांत मोलाची जागा हीच वाटते. मणी स्वतःभोवती डुलतो, काचेमुळे टोकाच्या अर्ध्या दिशा बंद होतात, दोराही अनंत लांब नसतो. हे सगळं हिशेबात घेतल्यावर लांबीनुसार आकड्यात दिसणारा फरक सुमारे एक तृतीयांशावर आला.

याहून आखूड तुकडे ओढण्याऐवजी त्यांची कडी जुळते का, हे पाहण्याची रीत होती. शोर, लँगोव्स्की आणि बाल्डविन यांनी ती 1981 साली वापरली. 2004 साली क्लूटिए आणि विडम यांना 94 बेसजोड्यांच्या कड्या अपेक्षेच्या अनेक पटींनी सहज जुळलेल्या दिसल्या. पुढच्याच वर्षी आक्षेप आला: टोकं सांधणारं विकर, लायगेज, प्रमाणाबाहेर घातलं होतं. 2012 साली वफाबख्श आणि हा यांनी लायगेज न वापरता, चमकणारी रंगद्रव्यं जोडून एकेका रेणूची टोकं भेटताना पाहिली. शंभराच्या आतले तुकडेही वाकतच होते, आणि वाद पुन्हा पेटला. पेशीत मात्र 147 बेसजोड्या, म्हणजे ताठ राहावा एवढासा तुकडा, हिस्टोन प्रथिनांभोवती सुमारे पावणेदोन वेढे घेऊन बसलेला असतो.